नमुना खाऱ्या हापशीचा, नाव गोड विहिरीचं

बारा वर्षं मी हे सांगायचं टाळलं. "देवरावभाऊ, तुम्हाले कावीळ झाली होती ना, काय पथ्य केलं होतं?" असं कोणी विचारलं की मी पथ्य सांगत असे. तेल-तूप बंद, मुगाच्या डाळीचं पाणी, उकळून गार केलेलं पाणी, महिनाभर अंगमेहनत नाही. लोक मन लावून ऐकत. पथ्य खरंच होतं. ती कावीळ गावात आली कशी, हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही. एका बाईला तर दोन-चार वाक्यंच सांगायची होती. ती ऐकली असती तर तिच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. तीही सांगितली नाहीत.

आता सत्तरी आली. हात कापतो, पण अक्षर अजून वाचण्यासारखं आहे. ज्यांच्या घरात हा आजार शिरला आहे त्यांना काही उपयोग व्हावा म्हणून लिहितो. वाचताना माझी किळस येईल. यावी. मला स्वतःला रोज येते.

गोड पाणी

आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, सोनाळ्याहून खाली पूर्णा नदीकडे येताना लागतं. नाव लिहीत नाही, कारण तिथं अजून पोरी नांदायला येतात. सगळा खारपाणपट्टा. हापशी मारली की पाणी भरपूर, पण त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पाहुण्याला चहा दिला तर तो एक घोट घेऊन कप खाली ठेवतो. अशा गावात नाल्याच्या काठावर एकच विहीर होती, गोड्या पाण्याची. सोयरीक जमवताना मुलीचा बाप शेताच्या आधी त्या विहिरीची चौकशी करी. आजूबाजूची गावं आमच्यावर जळत, आणि आम्हाला ते आवडत असे.

मी ग्रामपंचायतीचा पाणीवाला. सकाळी विहिरीवरची मोटार सुरू करायची, टाकी भरायची, कॉक फिरवून गल्लोगल्लीच्या तोट्यांना पाणी सोडायचं. आणि टाकीत रोज ब्लिचिंग पावडर टाकायची. पावडर किती, किती वाजता, ते नोंदवहीत लिहून खाली सही करायची.

पावडरीचं पाणी गावाला नको होतं. तोटीवर बाया मला घेरत.

"देवरावभाऊ, हे पाणी हाय का फिनाइल?"

"माह्या बुढ्यानं चहा थुकला न् बावा. म्हणते, मले मारून राह्यली का तू?"

"सरकारले गोड पाणी पाहवत नाई, म्हून पावडर धाडते."

मी आपला हसत असे. मग एका साली हनुमानाच्या भंडाऱ्यात माझ्या हातून पावडर जास्त पडली आणि वरणाला वास आला. पंगतीत बसलेला एक म्हातारा ताटावरून उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "देवानं विहीर गोड देल्ली, अन् या देवरावनं तिची मुतारी केली!"

पंगत हसली. वाढपी हसले. मी वरणाची बादली हातात घेऊन उभा होतो, मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून पावडर अर्धी केली. महिन्याभरात बंद केली. तोटीवरच्या बाया म्हणू लागल्या, "आता कसं पाणी लागते, पाहा!" ती शाबासकी मला गोड लागली.

नोंदवही मात्र रोज भरत होतो. वेळ, वजन, सही. उरलेल्या पावडरीचे गठ्ठे पंचायतीच्या खोलीत दगड होऊन पडले. कोणी साहेब यायचा असला की ते फोडून नालीच्या दोन्ही कडांना पांढऱ्या रेघा ओढायच्या. साहेबाला स्वच्छता दिसे. नालीतली डुकरं त्या रेघा ओलांडून येत-जात.

बाटली

पावसाळ्यात आरोग्य खात्याचा माणूस काचेची निर्जंतुक बाटली घेऊन येतो. तीत विहिरीचं पाणी भरायचं, वर चिठ्ठी लावायची, बर्फाच्या डब्यात ठेवून ती तपासणीला जाते. पाणी धोक्याचं निघालं आणि विहिरीभोवती घाण असली तर पंचायतीला लाल कार्ड मिळतं, सगळं ठीक असलं तर हिरवं.

पावडर बंद केल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी खरी बाटली भरली. अहवाल आला, "पिण्यास अयोग्य". लाल कार्ड आलं. सरपंच मला एवढंच म्हणाले, "देवराव, खाऱ्या पाण्याच्या गावाले हिरवं कार्ड अन् आपल्या गोड पाण्याले लाल? लोकं हसून राह्यले." त्यांनी खोटं करायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आज दोष वाटून घेता आला असता. मी पावडर पुन्हा सुरू करू शकत होतो. पण पंगतीतलं ते हसणं कानात होतं.

पुढच्या वेळी त्या माणसानं बाटली माझ्या हातात दिली. "भरून ठेवा भाऊ, मी दुपारी नेतो." मी घरी आलो. अंगणात आमची हापशी होती, खोल बोअरची. पाणी खारं, पण खालून येणारं, त्यात जंतू नाहीत. तपासणी जंतूंची होती, चवीची नव्हती. मी बाटली हापशीवर भरली आणि चिठ्ठीवर लिहिलं, "नाल्याकाठची विहीर".

बायको, शांता, तिथंच भांडी घासत होती. "हे हापशीचं काऊन भरून राह्यले?"

"चूप बस. तुले काई समजत नाई."

अहवाल आला, "पिण्यास योग्य". पुढे हिरवं कार्ड आलं. ग्रामसभेत माझा सत्कार करून नारळ दिला. चार पावसाळे मी तेच केलं. खरं सांगायचं तर तेव्हा लाजही वाटली नाही. मला वाटे, इतकं निवळशंख, साखरेसारखं पाणी, त्यात काय असणार? प्रयोगशाळेलाच काही कळत नाही. आमच्या भागात खारं म्हणजे वाईट आणि गोड म्हणजे चांगलं, हे आईच्या दुधाबरोबर आलेलं. त्यापलीकडे पाण्यात काही बघायचं असतं, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. शिरवून घेतलं नाही, हे जास्त खरं.

कळशी

माझा मित्र नामदेव लवकर गेला. त्याची बायको कमलवहिनी दीड एकरात भाजीपाला करायची आणि सोनाळ्याच्या बाजारात नेऊन विकायची. एक मुलगा, एक मुलगी. मुलगी रेखा पिंपळगाव राजा या गावी दिलेली. गावात कावीळ आली त्या वर्षी आषाढात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना होता.

वहिनींचं घर गावाच्या वरच्या टोकाला. तिथल्या तोटीला पाणी कधी येई, कधी नाही. मी वहिनींना म्हणालो, "पोटुशी पोर, तिले खारं पाजू नका. मी आणत जातो." रोज सकाळी मोटार सुरू करण्याआधी मी विहिरीतून एक कळशी भरायचो आणि सायकलला लावून त्यांच्या दारात ठेवायचो. थेट विहिरीतलं, टाकीतलंही नाही. नाला तेव्हा गढूळ वाहत होता आणि विहिरीचं पाणी काठापर्यंत चढलं होतं.

रेखा ओसरीवर बसलेली असायची. "काका, तुमच्या पाण्याचा चहा काय लागते! आमच्या तिकडं असा होतच नाई."

"पे, पे. दोन जिवाची हायेस."

हे मी म्हणालो होतो. मीच.

तंबाखू कडू लागली

श्रावणात आधी माझी तंबाखू सुटली. चाळीस वर्षांची सवय, पण चिमूट तोंडात ठेवली की मळमळे. शांता खूश झाली, म्हणाली देवानं बुद्धी दिली. मग भाकरीचा वास सहन होईना. फोडणीचा वास आला की अंगणात पळायचो आणि हिरवट पाणी ओकायचो. पाय ओढत चालायचो. लघवी काळ्या चहासारखी झाली. शौचाला चुन्यासारखं पांढरं. हे मी कोणाला सांगितलं नाही. आठवडाभर स्वतःची लघवी बघून तोंड फिरवत राहिलो. वाचणाऱ्यांनो, याची लाज धरू नका. लघवीचा रंग बदलला की त्याच दिवशी दवाखाना गाठा. आरशात डोळे पिवळे दिसेपर्यंत थांबण्यात काही मर्दुमकी नाही.

मी दवाखान्यात न जाता माळवाल्याकडे गेलो. आमच्याकडे काविळीला माळ घालतात. बारीक काड्यांची, दोऱ्यात गुंफलेली, टाळूपुरती असते. ती डोक्यावर ठेवतात. दिवसागणिक ती मोठी होते, कपाळावरून गळ्यात येते. माळ उतरली की कावीळ उतरली. त्या दिवशी माळवाल्याच्या अंगणात आमच्या गावची इतकी माणसं होती की जत्राच वाटावी. सगळ्यांचे डोळे पिवळे. पुढं कित्येक महिन्यांनी मी तशीच एक माळ आणून घरच्या मडक्यावर ठेवून पाहिली. मडक्याच्या गळ्यातही ती उतरली. दोऱ्याच्या गाठी सैल होतात, एवढंच.

मी माळ घातली त्यानंतर तीन दिवसांनी रेखाला उलट्या सुरू झाल्या. वहिनी तिलाही माळवाल्याकडेच घेऊन गेल्या.

"पावडर टाकतं कोण?"

मला खामगावच्या दवाखान्यात नेलं तेव्हा मी जीपमधून उतरू शकत नव्हतो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मला खिडकीशी उभं केलं, डोळ्याची पापणी खाली ओढली.

"लघवीचा रंग कधीपासून असा आहे?"

"आठ-दहा दिवस."

"आणि इतके दिवस काय करत होतात?"

मी गळ्यातल्या माळेला हात लावला. त्या रागावल्या नाहीत. सिस्टरकडून कात्री मागून घेतली आणि माळ कापून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"गोड विहिरीचं," मी म्हणालो. त्या अवस्थेतही माझ्या आवाजात तोरा होता.

"त्यात पावडर टाकतात का?"

"हाव. रोज."

"कोण टाकतं?"

"पंचायतीचा माणूस हाय एक."

शांता माझ्या शेजारी उभी होती. ती खाली फरशीकडे बघत राहिली. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. मला त्या दिवशी आजाराचं डॉक्टरी नाव कळलं, पण त्या दिवसातलं मला आठवतं ते माझं उत्तर. जीव जाईल की राहील हे माहीत नव्हतं, आणि तरी तोंडातून खोटंच निघालं.

वॉर्ड

दवाखान्याचे दिवस सारखे असतात. सकाळी सुई, मग बाटली, मग पातळ खिचडी, मग ओकारी. अंगाला खाज सुटायची, आतून, हाडातून. मी खाजवून खाजवून रक्त काढलं तेव्हा एका वयस्कर सिस्टरनं माझा हात आपल्या मांडीवर घेऊन दहाही नखं कापली. माझ्या आईनंतर माझी नखं कोणी कापली नव्हती. आजारपणात माणसाला अशा गोष्टी औषधापेक्षा जास्त दिवस पुरतात.

संडासाचं लिहिलंच पाहिजे. वीस माणसांना एक. दार लागत नव्हतं. आत सगळ्यांचं पांढरं, चिकट पडलेलं, वर माशा. पहिल्या दिवशी मी नाक दाबलं आणि मनात त्या लोकांना शिव्या दिल्या. मग आठवलं की यातली निम्मी माणसं आमच्याच गावची आहेत.

शेजारच्या खाटेवर सोनाळ्याचा जीप ड्रायव्हर होता, बाळू. डोळे हळकुंडासारखे, पण तोंड बंद नाही.

"काका, हळद तं लागली आपल्याले. आता वरात काढा!"

समोरच्या खाटेवरून कोणी म्हणालं, "नवरी कुठी हाय बे?"

"नवरी सुई घेऊन येऊन राह्यली ना, थांब जरा."

सगळा वॉर्ड हसला. हसलं की पोट दुखायचं, तरी हसायचो. मी बाळूला विचारलं, तुला कुठून लागलं हे? तो म्हणाला, "तुमच्याच गावचं काका! सवारी सोडाले येतो ना मी. तुमचं पाणी लय गोड, म्हून बाटली भरून नेत होतो. रोज." मग म्हणाला, "पावडर टाकाची जिम्मेदारी ज्यानं घेतली असन ना, त्याले त्याच विहिरीत उलटा सोडला पाहिजे."

"हाव ना," मी म्हणालो. "सोडलाच पाहिजे."

त्यानं मला आपली अर्धी मोसंबी दिली. मी खाल्ली.

रेखा

सहाव्या दिवशी शांता आली आणि खाटेशी उभी राहून म्हणाली, "रेखाले आणलं. बायांच्या वॉर्डात हाय. बरी नाई दिसत."

मी भिंत धरत धरत गेलो. रेखाचा चेहरा सोललेल्या आंब्यासारखा पिवळा झाला होता. पोट तेवढं चादरीखाली उंच. वहिनी तिचे पाय चोळत होत्या. रेखानं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "काका, आज तोट्या नाई सोडल्या का?"

"सोडतो, पोरी," मी म्हणालो.

"आईचा हंडा रिकामा हाय," ती म्हणाली, आणि मग तिचं बोलणं समजेनासं झालं. दुपारपर्यंत ती हाकेला ओ देईना. अकोल्याला न्यायचं ठरलं. गाडीत चढवण्याआधी एक थकलेले डॉक्टर व्हरांड्यात वहिनींना म्हणाले, "चार दिवस माळ घालून घरी ठेवलीत? बाई, तुम्ही चार दिवस वाया घालवलेत."

ते वाक्य वहिनींनी पदरात बांधल्यासारखं बांधून घेतलं.

रेखा वाटेतच गेली. पोटातलं बाळही गेलं.

मला घरी सोडायच्या दिवशी मी त्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, चार दिवस आधी आणली असती तर? त्या म्हणाल्या, "गरोदर बाईला ही कावीळ झाली की कधी कधी आमच्या हातात काही राहत नाही. पहिल्या दिवशी आणली असती तरी वाचली असती असं मी सांगू शकत नाही. आजार पाण्यातून आला, बाबा. दोष असेल तर तिथं."

हे मी वहिनींना सांगायला हवं होतं. त्याच दिवशी, बसमधून उतरल्या उतरल्या. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न आलाच असता. म्हणून मी ते गिळलं.

उपसा

तालुक्याहून पथक आलं. त्यांनी स्वतःच्या हातानं नमुना घेतला, तो वाईट निघाला, आणि विहीर उपसायचं ठरलं. मी नुकताच घरी आलो होतो, तरी पंचायतीचा माणूस म्हणून मला बोलावलं. मी एका दगडावर बसून बघत होतो.

पाणी ओसरलं तसा वास वर आला. आधी वरून टाकलेलं निर्माल्य निघालं, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेलं, काळं, लिबलिबीत. मग एक चप्पल. लहान मुलाचा लंगोट. गुटख्याच्या पुड्या. केसांचे गुंते. तळाच्या गाळात एक घोरपड होती, फुगून फुटलेली, कातडी पाण्यात झिरमिळ्यांसारखी हलत होती. आणि नाल्याच्या बाजूचं दगडी बांधकाम एका ठिकाणी खचलेलं, तिथून काळसर, दाट धार आत येत होती. वर, दहा-पंधरा पावलांवर, संडासाचे शोषखड्डे. आत उतरलेला माणूस ओरडला, "अरे, हे तं गू हाय राजेहो!" आणि दोर धरून वर आला, कडेला जाऊन ओकला.

मीही ओकलो. त्या वासात मला माझ्या आजारातल्या ढेकरांचा वास ओळखू आला. तेच पाणी मी प्यायलो होतो, पाजलं होतं, त्याची फुशारकी मारली होती.

पथकातला एक माणूस काठावर उभा राहून म्हणाला, "तुम्हाला वाटतं ही विहीर देवानं गोड दिली. इथं जमिनीखालचं सगळं पाणी खारं आहे. ही गोड आहे कारण हिच्यात नाल्याचं पाणी झिरपतं. नाल्यात जे वाहतं तेच तुम्ही पिता. पावसाळ्यात तर सरळ नालाच."

मग तो नोंदवही आणि जुने अहवाल घेऊन माझ्यासमोर बसला. "चार वर्षं अहवाल चांगले कसे आले, भाऊ?"

"यंदाच्या पुरानं बांधकाम खचलं असन, साहेब."

त्यानं तसं लिहिलं. ते पटण्यासारखं होतं. त्याच कागदावर मी सही केली. गावानं तर त्याहून सोपं कारण शोधलं. रेखा सासरहूनच आजार घेऊन आली असेल म्हणाले. पिंपळगाव राजाच्या लोकांना वर्षभर नावं ठेवली. मी पारावर बसून ऐकत होतो, आणि एकदा तर मान डोलावली.

दुधी भोपळा

रेखाचं सगळं झाल्यावर आठ-दहा दिवसांनी कमलवहिनी आमच्या दारात आल्या. पदराखाली एक कोवळा दुधी. "भाऊजी, काविळीतून उठलेल्याले दुधी चांगला. वाडीतलाच हाय."

खाली बसल्या, आणि मग म्हणाल्या, "मी नेलं न् तिले माळवाल्याकडं. सरळ दवाखान्यात नेलं असतं तं... डॉक्टर म्हणे, चार दिवस वाया घातले. माह्याच हातानं गेली माही पोर."

शांतानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "देवाची मर्जी, वहिनी."

दुधीची भाजी शांतानं केली. मी खाल्ली. महिनाभरात पहिल्यांदा जिभेला चव लागली, ती त्या भाजीची. आणखी वाढून घेतली.

शांतानं त्या संध्याकाळी भांडण केलं नाही. नंतरही कधी केलं नाही. फक्त तेव्हापासून पाण्याचा तांब्या माझ्या हातात देणं तिनं बंद केलं. जेवायला वाढते, कपडे धुते, आजारी पडलो तर उशाशी बसते. पाणी मात्र मी उठून घेतो. बारा वर्षं. पाहुणा आला असेल तरी. कामावरून मी पुढच्याच महिन्यात तब्येतीचं कारण सांगून निघालो. नारळ तेव्हाही मिळाला.

मोताळा

वहिनींचा मुलगा मोताळ्याला बियाण्यांच्या दुकानात कामाला लागला आणि त्यांना तिकडे घेऊन गेला. शेवटी त्यांचे गुडघे गेले, त्या घरातच असत. आमच्या गावची कोणीही व्यक्ती भेटली की रेखाचं तेच बोलत, माझ्याच हातानं गेली. शांताच्या कानावर हे पुन्हा पुन्हा येई. गेल्या उन्हाळ्यात ती मला म्हणाली, "मरायच्या आंधी एकदा जाऊन या. त्या बाईचं वझं उतरवा. तुमचं नका उतरवू."

मी एस. टी. नं गेलो. वाटभर वाक्य जुळवत होतो. वहिनी बाजेवर बसलेल्या होत्या, फार वाळलेल्या. मला बघून चेहरा उजळला.

"याव भाऊजी, याव! शांताबाईले काऊन नाई आणलं?"

"तिले बरं नाई."

"बसा ना. पाणी घ्या आंधी." सुनेला हाक मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उकळलेलं हाय, भिऊ नका." आणि हसल्या. हसताना त्यांना दात नव्हते.

मी पेला खाली ठेवला. म्हणालो, "वहिनी, तुम्हाले एक सांगाचं होतं. रेखाचं."

त्यांचा चेहरा लगेच पडला. त्यांनी माझा हात धरला. "नका सांगू भाऊजी. मले माहीत हाय तुम्ही काय म्हणान ते. माहा दोष नाई म्हणान. सगळेच म्हणतात. पण एक मीच तुम्हाले सांगतो. त्या दोन महिन्यात माह्या पोरीसाठी कोणं काई केलं असन, तं ते तुम्ही. रोज सायकलवर कळशी. सख्खा काका नाई करत. शेवटचं गोड पाणी ते पोर तुमच्या हातचं पेली. मी देवापाशी दिवा लावतो तवा रेखासाठी लावतो, अन् तुमच्यासाठी लावतो."

सुनेनं चहा आणला. तो मी प्यायलो. सोयाबीनच्या पेरणीचं बोललो, पावसाचं बोललो, सुनेच्या माहेरचं विचारलं. चारच्या गाडीनं परत आलो. शांता दारात उभी होती. माझ्या तोंडावर तिला दिसलं असावं.

दिवाळी झाल्यावर निरोप आला की वहिनी गेल्या. मी मातीला गेलो नाही. ज्या घरात माझ्या नावानं दिवा लागत होता त्या घरात मला जाववेना.

जे तेव्हा बोलायचं होतं ते हे होतं. त्यांनाच म्हणून लिहितो.

वहिनी, दिवा विझवा. रेखाले तुम्ही नाई मारलं. माळेनं नाई मारलं, त्या चार दिवसांनीही नाई. मी जे पाणी आणत होतो त्यानं ती गेली. ते पाणी खराब हाय हे कागदावर लिहून आलं होतं, मी वाचलं होतं, अन् लपवलं. पावडर टाकत नोतो. बाटली माह्या अंगणातल्या हापशीवर भरत होतो. लोकं हसतीन म्हून. एवढ्यासाठीच, दुसरं काईच नोतं. तुमचा काईच दोष नोता, वहिनी. माहा होता. मले माफ करा.